सीझनरावांची पाहुणी

मे महिन्यात घाटंजीत सकाळी दहानंतर शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. बाहेर असेल तो घरात येतो. नेमक्या त्याच वेळी आमच्या शेजारच्या लॉजात रुळाच्या तुकड्यावर ठणठण ठोके पडत आणि दौलतराव इंगोले आपल्या गिऱ्हाइकांना बाहेर काढत. भांडून नव्हे, अगदी अदबीने. डोक्याला पांढरी टोपी, कमरेला स्वयंपाकाचा पांढरा फडका, हातात कुलूप.

"चला जी, चला. हवा खाऊन या. पाच वाजता दार उघडते."

"अहो दौलतराव, बाहेर आग पडून राह्यली!" एखादा कापसाचा दलाल हात जोडी.

दौलतराव दारातून वर पाहत. "आज पान्याची भीती नाही. मंग झालं तर!"

सगळे बाहेर आले की ते पुढच्या दाराला कुलूप लावत आणि मागच्या दाराने आत जाऊन फरशी धुवायला घेत. पाहुणे बिचारे जाणार कुठे? लॉजाच्या भिंतीला लागून आमचं घर. आमचा ओटा उत्तरेला, म्हणजे दिवसभर सावलीचा. तिथे ते रांगेने येऊन बसत आणि एकेक जण पाणी मागे. मी कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम. अंदाजपंचे बोलायची मला सवय नाही. पण दौलतरावांचं लॉज सुरू झाल्यापासून उन्हाळ्यात आमच्या घरी दोन माठ जास्तीचे लागत, हे मी खात्रीने सांगतो.

"लॉज त्याह्यचं आन् पानी आपन पाजाव?" आमच्या घरच्या विचारत.

हा प्रश्न मी दौलतरावांना एकदा पोचवला. ते म्हणाले, "मुनीमजी, सीझन हाय. एवढं तं होनारच."

"सीझन हाय" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. दाढी का वाढवली? सीझन हाय. लग्नाला का आला नाहीत? सीझन होता. गावातला एक म्हातारा वारला तेव्हा ते भेटायला गेले आणि मुलांचं सांत्वन करताना म्हणाले, "आयन सीझनात गेला बिचारा." तेव्हापासून गावाने त्यांचं नाव सीझनराव ठेवलं. आता आमच्या जिनिंगचाही सीझन असतो, पण तो दिवाळी ते होळी. दौलतरावांचा सीझन भर उन्हाळ्यात येई. कारण तो घाटंजीचा नव्हताच.

दौलतराव तरुणपणी यवतमाळला एका गोऱ्या साहेबाकडे स्वयंपाकी होते. साहेब कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसची यंत्रं सांभाळणारा. स्वातंत्र्य आल्यावर त्याने बाडबिस्तरा आवरला, पण त्याच्या पोटाला दौलतरावांच्या खिचडीची सवय लागली होती. "सहा महिने चल, मग परत पाठवतो," म्हणून त्याने यांना बोटीवर चढवलं. पहिल्याच हिवाळ्यात साहेब गेला. त्याच्या विधवा बहिणीचं ब्लॅकपूल नावाच्या गावी, समुद्राकाठी, पाहुणे ठेवण्याचं घर होतं. तिने दौलतरावांना ठेवून घेतलं. सहा महिन्यांची आठ वर्षं झाली.

"तठी एकच धंदा, समुद्र," दौलतराव सांगत. "आजूबाजूले सुताच्या गिरन्या. एकेका गावच्या गिरन्या वरसातून आठ दिवस बंद होते आन् अख्खं गाव आगगाडीत बसून समुद्रावर येते. लेकरंबाळं, म्हातारेकोतारे, सारे. शनवारी येनार, शनवारी जानार. मुनीमजी, आपला कापूस जाते ना बोटीनं? त्याचं सूत कातनारे लोक हायेत ते. आपन इकडं येचून मरतो, ते तिकडं कातून मरते. पन त्याह्यले आठ दिवस सुटी हाय."

त्या घरमालकिणीचा नियम असा की, सकाळची न्याहारी झाली की पाहुण्यांनी बाहेर पडायचं. पाऊस असो, गारा असोत, संध्याकाळपर्यंत आत पाऊल नाही. घर साफ होतं आणि पाहुण्याला पैसे मोजलेली समुद्राची हवा मिळते. दौलतराव तिला नुसतं 'बाई' म्हणत. बाईंचे सगळे नियम त्यांनी घाटंजीत जसेच्या तसे आणले. समुद्र तेवढा आणता आला नाही. मी शाळेच्या नकाशावर दोरा लावून पाहिलंय, आमच्या गावापासून कोणत्याही दिशेला तीनशे मैलांच्या आत समुद्र नाही.

पण त्यामुळे दौलतरावांचं अडलं नाही. लॉजाच्या दारावर पाटी होती, 'वाळू झटकूनच आत यावे.' मागच्या खोलीची खिडकी नदीकडे उघडे, म्हणून तिचं नाव 'पाण्याकडची खोली' आणि तिचं भाडं थोडं चढं. नदी संक्रांतीनंतर कोरडी. एका व्यापाऱ्याने तक्रार केली की खिडकीतून नुसते दगड दिसतात. दौलतराव शांतपणे म्हणाले, "ओहोटी हाय."

सकाळी सहाला प्रत्येक दारावर टकटक होई. दार उघडावं तर दौलतराव कपबशी घेऊन उभे. "मॉर्निंग टी." पांढरकवड्याचा एक सोवळा दलाल अंथरुणावर बसून देवाचं नाव घेत होता. त्याने कपबशी पाहिली आणि डोळे घट्ट मिटले.

"अहो, तोंड धुतलं नाही अजून!"

"तोंड मंग धुवा जी. चहा थंडा होते."

"विलायतेत लोक तोंड धुवत नाही काय?"

"धुते ना! पन चहा पिऊन."

चादरींचं तर विचारूच नका. चादरीची टोकं गादीखाली अशी ताणून खोचलेली की पाकिटात पत्र सरकवावं तसं माणसाने उशीकडून आत शिरावं लागे. शिरला की कूस बदलता येत नसे. बहुतेक दलाल चादरीच्या वरच झोपत आणि सकाळी दौलतरावांची बोलणी खात. तरीही लॉज चाले. कारण ती चादर उकळत्या पाण्यातून काढलेली असे आणि आख्ख्या घाटंजीत ढेकूण नसलेलं तेवढं एकच लॉज होतं. माणूस रात्री सुखाने झोपला की दिवसा उन्हात बसायलाही तयार होतो.

बाकी सगळं खपलं, फक्त गाढवाचं तेवढं खपलं नाही.

ब्लॅकपूलला म्हणे वाळूत गाढवं उभी असतात आणि साहेबांची लेकरं पैसे देऊन त्यांच्यावर बसतात. दौलतरावांनी कुंभाराचं एक गाढव बाजाराच्या दिवशी भाड्याने घेतलं. त्याला आंघोळ घातली, गळ्यात घुंगरू बांधले, पाठीवर सतरंजी टाकली. पहिलं गिऱ्हाईक म्हणून पोलीस पाटलांचा सहा वर्षांचा नातू चढला. दौलतरावांनी त्याच्या डोक्यावर कागदाची टोपी ठेवली आणि दोरी धरून ऐन बाजारातून निघाले.

आता आमच्याकडे बाजारातून गाढवावर कोणाला बसवतात हे मी सांगायला नको. पाचच मिनिटांत मागे शंभर माणसं लागली.

"कोनाची धिंड हाय गा?"

"पाटलाच्या नातवाची."

"काय केलं त्यानं?"

"चोरी केली असंन. त्याबिगर कोनी बसवते काय?"

गाढव भाजीबाजारातून धान्याच्या बाजारात पोचलं तोवर पोराच्या नावावर दोन चोऱ्या जमा झाल्या होत्या. तिसरी कोंबड्यांची होती. पाटील हातात जोडा घेऊन धावत आले.

"अबे दौल्या! माह्या घरान्याची इज्जत काढली तू बाजारात!"

"पाटील, तिकडं साहेबाचे पोरं रांगा लावते याच्यासाठी!"

"अस्सं! त्याह्यचं राज काहून गेलं, ते आत्ता समजलं मले!"

पाटलांनी नातवाला खेचून उतरवलं. नातू घरी जाईपर्यंत रडत होता, पण अपमान झाला म्हणून नव्हे. त्याला अजून एक फेरी हवी होती. आणि हे दौलतरावांच्या नजरेतून सुटलं नाही. "पाह्यलं ना मुनीमजी," ते मला म्हणाले, "गिऱ्हाईक खूश होतं."

हे सगळं गाव हसत हसत सांगे आणि मीही सांगे. पण भिंतीपलीकडचा माणूस म्हणून मला एक गोष्ट माहीत होती, ती सांगताना कोणी हसत नसे. ही सगळी खटपट ज्या माणसासाठी होती तो माणूसच त्या घरात नव्हता. गयाबाई, म्हणजे दौलतरावांची बायको.

दौलतराव बोटीवर चढले तेव्हा गयाबाई सहा महिन्यांसाठी म्हणून उमरखेडला भावाकडे गेल्या. त्याही आठ वर्षं राहिल्या. मूलबाळ नव्हतं. दौलतरावांची मनिऑर्डर कधी चुकली नाही, असं गयाबाईंचा भाऊही सांगे. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी ते बायकोला आणायला उमरखेडला गेले. मीच मोटारीत बसवून दिलं होतं. मुक्काम करून एकटेच परत आले.

"काय झालं, दौलतराव?"

"भेट झाली जी. तब्येत बरी हाय. हवापान्याचं बोललो. चहा झाला, जेवन झालं."

"आणि चल म्हणालात की नाही?"

"असं कसं म्हनाव? तिची मर्जी काय हाय ते मले काय मालूम? इतके सालं त्या घरात राह्यली, तिले तठी आराम असंन. पाहुन्यानं आपल्या मर्जीनं याव, मर्जीनं जाव. आपन म्हनू नये."

आमच्या घरच्यांची एक मावसबहीण उमरखेडला त्याच गल्लीत राहते. तिच्याकडून दुसरी बाजू कळली. दौलतराव पुढच्या बैठकीत हवापाण्याचं बोलत असताना गयाबाई आत गाठोडं बांधून, नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. नवरा जेवून, हात धुऊन, नमस्कार करून निघाला तेव्हा त्यांनी गाठोडं सोडलं आणि भावजयीला म्हणाल्या, "न्यायले नोहोते आले."

त्यानंतर दौलतरावांनी लॉज उघडलं. पडद्याचं कापड घ्यायचं असलं की ते मला दुकानात नेत आणि विचारत, "तिले पसंत पडंन काय जी?" मी काय सांगणार? मी गयाबाईंना लग्नानंतर चार वेळा पाहिलेलं. पण लॉजात खिडक्या वाढत गेल्या, पडदे वाढत गेले, आणि उमरखेडहून कोणी आलं नाही.

शेवटी हे प्रकरण आमच्या घरच्यांनी हातात घेतलं. मावसबहिणीमार्फत निरोप गेला. उत्तर आलं, "आठ दिवस येऊन पाहीन. जमलं तं राहीन. नाही तं भावाचं घर हायेच, पन मंग पुन्हा कोनी निरोप धाडू नका."

म्हणजे जे काय व्हायचं ते त्या आठ दिवसांत. मी दौलतरावांना हे नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि त्याच दिवशी पाण्याकडच्या खोलीला चुना द्यायला घेतला.

गयाबाई शनिवारी आल्या. सडपातळ, उभ्या अंगाच्या, केस पुढून पांढरे झालेले. दौलतरावांनी त्यांची पेटी खांद्यावर घेतली, पुढे होऊन दार उघडलं आणि म्हणाले, "या. तुमची खोली तयार हाय." बायकोला तुम्ही म्हणणारा नवरा घाटंजीने तोवर पाहिला नव्हता. आमच्या घरच्यांनी मला कोपर मारलं.

दुसऱ्या दिवशी दहाला ठोके पडले. दोन दलाल बाहेर आले आणि त्यांच्या मागून गयाबाई. त्यांच्या हातात दौलतरावांनी छत्री दिली होती. मागे कुलूप लागलं.

त्या थोडा वेळ रस्त्यात उभ्या राहिल्या. मग आमच्या ओट्याकडे वळल्या. "मुनीम भाऊजी, मलेबी बाहेर काहाळलं काय?"

"नियम आहे," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

"रोजचा?"

"रोजचा."

दलालांनी अदबीने सरकून जागा करून दिली. आमच्या घरच्या बाहेर आल्या आणि हाताला धरून त्यांना आत घेऊन गेल्या.

असे दिवस चालले. सकाळी सहाला दौलतराव दारावर टकटक करून चहा नेऊन देत. गयाबाई चूल पाहायला आत गेल्या तर ते दारात आडवे उभे. "इथं तुमी येऊ नये. काय पाह्यजे ते सांगा." त्यांनी आपली कपबशी विसळली तर दौलतरावांनी ती हातातून घेतली आणि पुन्हा विसळली. त्यांनी अंथरुणाची चादर नीट केली तर दौलतरावांनी उलगडून परत खोचली. संध्याकाळी ते दारात उभं राहून, हात मागे बांधून विचारत, "आज फिरनं कसं झालं? हवा बरी होती काय?" फिरणं म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात बसून आमच्या घरच्यांबरोबर कुरडया घालणं, हे गयाबाई सांगत नसत. नुसतं "बरं झालं" म्हणत.

पाचव्या दिवशी त्या ओट्यावर बसल्या होत्या. दलाल झोपले होते. मी जेवायला घरी आलेलो. त्या आमच्या घरच्यांना म्हणाल्या, आणि आवाज वर न करता म्हणाल्या, "बाई, भावाच्या घरी मी इतके वर्सं पाहुनीच होती. भावजय चांगली हाय, कधी टोकलं नाही. पन पिठाच्या डब्याले हात लावाच्या आधी तिच्या तोंडाकडं पाहा लागे. आता नवऱ्याच्या घरी आली, तं अठीबी पाहुनीच. मंग तेच घर काय वाईट होतं? तठी भर उन्हाचं तं कोनी काहाळत नाही."

आमच्या घरच्यांनी माझ्याकडे पाहून लॉजाकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी मी दौलतरावांना गाठलं. ते मागच्या अंगणात गयाबाईंची छत्री पुसत होते. मी ऐकलेलं सगळं सांगितलं. ते गडबडले. छत्री उघडली, मिटली.

"मुनीमजी, तठी गिरनीतल्या बाया येत," ते म्हणाले. "सूत कातून कातून बोटं असे वाकडे झालेले. पहिल्या दिवशी जेवून उठल्या की बशा उचलाले लागे. आमची बाई म्हने, बसा, हात लावाचा नाही. तं एकेक बाई अशी पाहे! काही तं रडे. सारी जिंदगी दुसऱ्याले वाढून कोनी वाढलं नोहोतं त्याह्यले. मी बशा उचलो आन् मनात म्हनो, एक डाव गयाले असे आठ दिवस द्याचे. एक कप विसळू द्याचा नाही. तिचे इतके वर्सं माह्यापायी गेले. मी दुसरं काय देऊ? मले एवढंच येते."

"हे त्यांना सांगा की!"

"हे सांगाचं असते काय?"

"बरं, हे राहू द्या. शनिवारी त्यांना राहा म्हणा. एवढं एकच म्हणा."

"म्हनतो ना."

"म्हणून दाखवा."

दौलतरावांनी टोपी नीट केली, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावरून कडुनिंबाकडे पाहिलं. "तुमची सोय बरी झाली असंन, आन् तुमची मर्जी असंन, आन् तिकडं काही काम नसंन, तं..."

"राहा."

"तं पाहा मंग, जसं जमंन तसं."

मी हिशेबाच्या वह्या पुष्कळ नव्याने लिहून घेतल्या आहेत, पण त्या संध्याकाळी माझ्याकडून हे दोन अक्षरी काम झालं नाही.

शनिवारी सकाळी आठची मोटार. दौलतरावांनी गयाबाईंची पेटी डोक्यावर घेतली, कारण ब्लॅकपूलला ते प्रत्येक पाहुण्याचं सामान स्टेशनपर्यंत नेत आणि याच्यापेक्षा मोठा मान त्यांना माहीत नव्हता. मागे गयाबाई. त्यांच्या मागे आम्ही दोघं. नवऱ्याने आपली पेटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन आपल्याला मोटारीकडे चालवलेलं पाहून कोणत्या बाईला काय वाटेल, हे मला समजत होतं. पुढे चालणाऱ्याला समजत नव्हतं.

मोटारीच्या टपावर दौलतरावांनी पेटी स्वतः चढवली, स्वतः दोरीने बांधली. खाली उतरले, फडक्याला हात पुसले आणि गयाबाईंच्या पुढे हात जोडून उभे राहिले.

"काही कमीजास्त झालं असंन तं माफी," ते म्हणाले. "पुढच्या सालीबी या."

आमच्या घरच्यांनी कपाळावर हात मारला. त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

गयाबाईंचा एक पाय पायरीवर होता. तो त्यांनी वर घेतला नाही, खालीही घेतला नाही. "बस? एवढंच?"

दौलतरावांनी फडक्याला पुन्हा हात पुसले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

कंडक्टर म्हणाला, "बाई, जाता का राहता? काय तं एक करा."

"मले नको विचारू, भाऊ. ह्याह्यले विचार."

कंडक्टर वळला. "काय हो दादा, बाई जाते का राहते?"

आठ दिवस आम्ही नवराबायको ज्याची वाट पाहत होतो तो प्रश्न कंडक्टरने भर स्टँडवर विचारून टाकला होता. सगळी मोटार खिडक्यांतून बाहेर वाकली. दौलतराव एकदा कंडक्टरकडे, एकदा मोटारीकडे बघत राहिले. मग शिडी धरून टपावर चढले आणि पेटीची दोरी सोडायला लागले.

दोरी सुटेना. ज्या हातांनी वर्षानुवर्षं चादरी खोचल्या त्या हातांनी मारलेली गाठ ती. नखं लावली, दात लावले. ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देऊ लागला. एक प्रवासी ओरडला, "अबे, विळा द्या त्याले कोनी!" दौलतराव टपावर ओणवे बसले होते आणि त्यांची टोपी केव्हाच खाली पडली होती. त्यांचा चेहरा भिजला होता. तो घाम नव्हता, एवढ्या वर्षांच्या शेजारानंतर मला तेवढं कळतं.

"गया," ते वरून म्हणाले, "राहा ना वं."

गयाबाईंनी पायरीवरचा पाय खाली घेतला, वर पाहिलं आणि डोळ्यांवर हाताची सावली धरली.

"वरून काय म्हनता? खाली येऊन म्हना."

"कसा येऊ? गाठ नाही सुटून राह्यली!"

मोटारीत हशा उसळला. त्यात ड्रायव्हरही होता. शेवटी कंडक्टरने वर जाऊन दोरी कापली.

परतताना पेटी मी आणि दौलतराव दोघांनी धरली. गयाबाई आता पुढे चालत होत्या, आणि चालता चालता मागे न पाहता अटी सांगत होत्या. "वरसातून आठ दिवस मी तुमची पाहुनी. बिछान्यावर चहा पिईन, बशी उचलनार नाही. तुमची हौस हाय, होऊ द्या. बाकीचे सारे दिवस घर माहं हाय. चूल माही. आन् भर उन्हाचं कोनाले बाहेर काहाळाचं नाही, दलालाची जात असली तरी."

"सीझनात..." दौलतराव म्हणाले.

"सीझनातबी नाही."

"बरं," दौलतराव म्हणाले.

पेटी आत ठेवायला म्हणून आम्ही स्वयंपाकघरापर्यंत गेलो. गयाबाईंनी पदर खोचला, चुलीत काड्या सारल्या आणि डबे उघडून पाहू लागल्या. कोणाच्या तोंडाकडे न पाहता. थोड्या वेळात भाकर झाली, चून म्हणजे बेसनाचं पिठलं झालं. मला आग्रह झाला, पण मी घरून न्याहारी करून निघालो होतो. दौलतरावांनी आपलं ताट उचललं आणि खिडकीच्या कोनाड्यावर ठेवून उभ्याने भाकर मोडली.

"हे काय?" गयाबाईंनी विचारलं.

"मी अठीच खातो."

"उभ्यानं?"

"तठी तसंच होतं. साऱ्या पाहुन्यायचं झालं की मंग खिडकीपाशी. कोनी बोलावलं तं लवकर जाता येते." त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं. "आता सवयच झाली."

मी इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहतो. दौलतराव जेवताना मी कधी पाहिले नव्हते, आणि हे तोवर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

गयाबाईंनी भिंतीला टेकवलेला पाट काढून चुलीसमोर मांडला. "बसा."

दौलतरावांनी आधी मागे पाहिलं, मग माझ्याकडे. "मुनीमजी, बसा म्हनते तुमाले."

"त्याह्यले नाही. तुमाले."

ते बसले. पाटाच्या कडेवर, टाचा उचललेल्या, ताट हातातच धरून. गयाबाईंनी ताट काढून घेऊन जमिनीवर ठेवलं आणि त्यात अर्धी भाकर आणखी टाकली. ते "पुरे, पुरे" म्हणत होते, पण खात होते. एवढ्यात वरच्या मजल्यावरून एका दलालाची हाक आली, "ओ दौलतराव! पानी!"

दौलतराव घास तोंडात असतानाच उठले.

"बसा म्हनलं ना," गयाबाई म्हणाल्या. त्यांनी तांब्या भरून घेतला. "मी देऊन येईन."

त्या जिना चढून गेल्या. दौलतराव काही वेळ तसेच अर्धवट उभे होते. मग खाली बसले, आणि या वेळी त्यांनी मांडी घातली.